खिडकीपाशी कोण बसतं, ते आधी सांगा

नाशिकहून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा इथे देते.

"आमचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. हॉलची खिडकी पूर्वेला, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच. ॲल्युमिनियमची सरकती तावदानं, बाहेरून ग्रिल. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे बाहेर जाणं थांबलंय, त्यामुळे सकाळपासून त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. जाणारा-येणारा थेट घरात बघतो. मी पडदा ओढते, त्या सारतात, मी पुन्हा ओढते. नणंदेनं लंडनहून तिच्या खिडक्यांचे फोटो पाठवले. आतल्या बाजूनं बसवलेली पांढरी, आडव्या पट्ट्यांची लाकडी झडपं. मला फार आवडली. इथल्या दुकानदारानं हॉल, पश्चिमेची झोपायची खोली आणि स्वयंपाकघर अशा तिन्ही खिडक्यांचा अंदाज दिला आणि उन्हाळ्यात उकाडा निम्मा होईल म्हणाला. यांचं म्हणणं, तेवढ्या पैशात दहा वर्षांचे पडदे येतील. मुलगी दीड वर्षाची आहे, हाताला लागेल त्याला लोंबकळते. झडपं लाकडी घ्यावीत की पीव्हीसीची? पट्टी रुंद की अरुंद?"

ताई, तुमच्या पत्रात दुकानदाराचं मत आहे, नणंदबाईंचं आहे, यजमानांचं आहे. खिडकीपाशी दिवसभर बसणाऱ्या सासूबाईंचं मात्र नाही. पट्टीची रुंदी, झडपाची उंची, लाकूड की पीव्हीसी, या सगळ्याची उत्तरं त्यांच्या खुर्चीपासून सुरू होतात. म्हणून मी हॉलच्या खिडकीवर जास्त बोलणार आहे आणि बाकीच्या दोन खिडक्या लवकर उरकणार आहे.

आधी तो उकाड्याचा मुद्दा, कारण त्या आश्वासनावर तुम्ही पैसे घालायला निघाला आहात. पश्चिमेच्या खोलीत चैत्रात दुपारी चार वाजता जा आणि ओढलेल्या पडद्याला आतल्या बाजूनं तळहात लावा. कापड तापलेलं लागेल. काचेतून ऊन सहज आत येतं, आत आल्यावर पडद्यावर, फरशीवर, गादीवर पडतं आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंतून निघणारी ऊब मात्र काच तशी बाहेर सोडत नाही. झडप आत बसवलं की तेही त्या पडद्यासारखंच काचेच्या आतल्या बाजूला येतं. पांढरा रंग असेल तर थोडं ऊन परत काचेबाहेर फेकलं जाईल, खोलीत थेट तिरीप पडणार नाही, डोळ्यांना बरं वाटेल. पण उकाडा निम्मा होणार नाही. ऊन अडवायचं तर ते काचेला लागण्याआधी, बाहेर अडवावं लागतं.

नणंदबाईंच्या घरी हीच झडपं शोभतात आणि उपयोगीही पडतात, कारण तिथली अडचण उलट आहे. लंडनच्या जुन्या घरांत, अठराव्या शतकापासून, खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या जाड भिंतीत घडी घालून बसणारी आतली झडपं असत. रात्री ती लावली की थंड काच आणि खोली यांच्यात एक थर तयार होई, शेकोटीची ऊब आत राही आणि चोराचीही भीती कमी. आपल्याकडे पट्ट्यांची लाकडी झडपं नवी नाहीत. गिरगावातल्या खोताच्या वाडीत किंवा गोव्याच्या जुन्या घरांत ती आजही दिसतील. जुने सुतार त्याला झिलमिल म्हणतात. पण ती झिलमिल खिडकीचं बाहेरचं दार असे. पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या, म्हणजे पाऊस बाहेर ओघळेल, आणि ऊन घराबाहेरच थांबेल. फोटोतली वस्तू आणि आपल्या आजोळची वस्तू दिसायला सारखी आहे. एक काचेच्या आत आहे, एक बाहेर, आणि आपल्या उन्हाळ्यात हाच फरक मोठा ठरतो.

तेव्हा झोपायच्या खोलीला आतली झडपं नकोत. छज्जा वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही घेऊ नका. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर खाली उतरतं आणि छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो तो बरोबर पश्चिमेला नाही, त्याहून सुमारे 25 अंश उत्तरेकडे सरकून. वर कितीही छज्जा असला तरी हे तिरपं ऊन समोरूनच अडवावं लागतं. ग्रिलच्या बाहेरून बांबूची चिक सोडा. उन्हाळ्याचे चार महिने दुपारी ती खाली, संध्याकाळी वर. वाळ्याचा पडदा मिळाला तर फारच छान, मात्र त्यावर पाणी मारायची जबाबदारी आधी ठरवून घ्या. तळमजला आहे, खिडकीखाली हातभर माती असेल तर तारेवर मधुमालती चढवा. दोन-तीन वर्षांत ती खिडकी झाकेल. सोसायटीत असाल तर बाहेर काही लावण्याआधी समितीच्या कानावर घाला. आतून तुमचे यजमान म्हणतात तसा फिका, अस्तराचा पडदा पुरे. या खोलीपुरतं त्यांचं बरोबर आहे, त्यांना तसं सांगा.

स्वयंपाकघर तर सोडूनच द्या. फोडणीची वाफ आणि तेल पट्टीपट्टीवर बसेल, त्यावर धूळ धरेल आणि दिवाळीची साफसफाई तुम्हाला दर महिन्याला करावी लागेल. बाहेरून दिसायला नको असेल तर काचेच्या खालच्या भागाला दुधी फिल्म लावा.

आता हॉल. इथे मात्र मी तुमच्या बाजूची आहे, आणि पडद्याच्या विरोधात आहे.

पडदा एकतर उघडा असतो किंवा बंद. तुमच्या घरात तो दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे जातो, कारण तुम्हाला आत बघणारे नकोत आणि सासूबाईंना बाहेर बघायचं आहे. दोघींचं म्हणणं रास्त आहे. पडद्याजवळ दोघींसाठी मिळून एक उत्तर नाही. पट्ट्यांच्या झडपाजवळ आहे, आणि त्याचं काम असं चालतं.

दिवसा रस्त्यावर लख्ख उजेड असतो, खोलीत त्यामानानं अंधार. पट्ट्या आडव्या उघड्या असल्या तरी आतल्या माणसाला फटींतून बाहेरचं दिसतं, बाहेरून चालत जाणाऱ्याला आतलं फारसं काही दिसत नाही. त्यात पट्ट्यांची आतली कड थोडी वर आणि बाहेरची कड थोडी खाली केली की रस्त्यावरच्या माणसाची नजर फटीतून वर चढते आणि तुमच्या छताला लागते. सासूबाईंना मात्र अंगण, फाटक, भाजीची गाडी, शाळेतून येणारी मुलं दिसत राहतात. शेजारच्या काकूंशी दोन शब्द बोलायचे असतील तेव्हा पट्ट्या सपाट करायच्या. दिवे लागले की सगळं उलटतं. खोलीत उजेड, बाहेर अंधार, मग त्याच फटींतून बाहेरच्यांना आतलं दिसायला लागतं. तेव्हा दिवेलागणीला पट्ट्या पूर्ण मिटायच्या, ही एक सवय घराला लावावी लागेल. वाराही विसरू नका. संध्याकाळी गार वारा सुटतो तेव्हा ओढलेला पडदा तो अडवतो, पट्ट्या अडवत नाहीत.

झडप खिडकीच्या पूर्ण उंचीचं घेऊ नका. अर्ध्या उंचीचं, फक्त खालच्या भागाला घ्या. वरचा भाग उघडा राहिला की आकाशाचा उजेड हॉलभर येतो. पैसेही जवळजवळ निम्मे लागतील. पण अर्धं म्हणजे नेमकं किती, हे दुकानदार ठरवणार नाही.

यासाठी मला माझ्या घरची गोष्ट सांगावी लागेल. 2011 साली आईच्या खोलीला मी अशीच झडपं बसवली. घरांची अंतर्गत सजावट हेच माझं काम, त्यामुळे मी फार विचारपूर्वक रंग निवडला, बिजागऱ्या निवडल्या. मापं घेतली ती खिडकीची. झडपाच्या मधोमध एक आडवी जाड पट्टी येते, त्यानं चौकटीला बळ मिळतं. ती पट्टी आईच्या डोळ्यांच्या बरोबर समोर आली. आई काही बोलली नाही. तिनं फक्त खुर्ची स्वयंपाकघरात हलवली. तिला सोबत हवी असेल, असं आम्ही धरून चाललो. जवळजवळ चार महिन्यांनी, ती झोपलेली असताना, मी तिच्या जुन्या जागी पाच मिनिटं बसले आणि समोर चार इंच पांढरं लाकूड दिसलं. झडपं दुसऱ्या दिवशी उतरवून घेतली. त्या चार महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही एवढं करा. सासूबाई नेहमी बसतात त्याच खुर्चीत, नेहमीच्या उशीसकट त्यांना बसू द्या. त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन ते चार फुटांवर येतात. खिडकीचा कट्टा तीन फुटांवर असेल तर ही खूण झडपाच्या खालच्या भागात येईल. खूण पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या भागात यायला हवी, कुठल्याही जाड आडव्या पट्टीवर नाही. अर्ध्या उंचीच्या झडपाला मधली जाड पट्टी लागतच नाही, कारागिराला ती नकोच म्हणून सांगा. तळाची पट्टी तीन-चार इंचांची असतेच, ती खुणेच्या बरीच खाली राहील हे पाहा.

दुसरी खूण तावदानाच्या कडीची. झडपाची वरची कड कडीच्या खाली ठेवा. नाहीतर खिडकी सरकवायला रोज आधी झडप उघडावं लागेल आणि सासूबाईंना ते जमणार नाही. सरकत्या खिडकीला आतलं झडप लावताना ही सगळ्यात मोठी अडचण असते आणि ती बसवून झाल्यावरच कळते.

मग बाहेर जा. रस्त्यावर उभ्या राहा आणि त्या वरच्या कडेवरून तुम्हाला घरात काय दिसतं ते बघा. घराचं जोतं रस्त्यापेक्षा फूट-दीड फूट वर असेल तर बहुतेक फक्त छत आणि पंखा दिसेल.

ऑर्डर देण्याआधी तेवढ्या भागाला आठ दिवस बटर पेपर चिकटवा. पहिल्या तीन-चार दिवसांत उजेड किती कमी होतो ते कळेल. नंतर सासूबाईंच्या डोळ्यांच्या उंचीला त्यात तीन-तीन इंचांवर आडव्या फटी कापा आणि त्यांना बसून बघायला सांगा. त्यांना कोंडल्यासारखं वाटलं तर झडपं घेऊ नका. मग साधा पातळ मलमलीचा अर्धा पडदा, खिडकीच्या निम्म्यावर दांडी लावून, हा तुमच्यासाठी चांगला मार्ग आहे. पैसे घालण्याआधी हे कळलेलं बरं.

त्यांना आवडलं, असं धरून पुढचं सांगते. पट्टी रुंद घ्या. बाजारात साधारण 63, 89 आणि 114 मिलिमीटर अशा रुंदी मिळतात. अरुंद पट्टीचं झडप नाजूक दिसतं, पण बसून बघणाऱ्याला सगळं जग रेघारेघांचं दिसतं. 89च्या पट्टीत फटी मोठ्या होतात, पट्ट्या कमी लागतात, पुसायचं कामही कमी. मात्र पट्टी मधल्या आसावर फिरते, म्हणजे तिची निम्मी रुंदी काचेच्या बाजूला जाते. मागे साडेचार सेंटिमीटर आणि वर बोटभर अशी मोकळी जागा आहे का, आणि तावदानाची कडी किंवा मच्छरजाळीची कड मध्ये येते का, ते मोजा. जागा नसेल तर 63वर या. झडप बसल्यावर कट्ट्याची बरीचशी रुंदी जाईल. सासूबाईंचा चष्मा, जपमाळ, औषधाची डबी त्या कट्ट्यावर असेल, असा माझा अंदाज आहे. खिडकीखाली त्यांच्या उजव्या हाताला चार-पाच इंचांची एक फळी त्याच कारागिराकडून लावून घ्या, आणि झडपं बसण्याच्या आदल्या दिवशी लावा.

लाकूड की पीव्हीसी? तुमच्या खिडकीला, पूर्वेच्या सकाळच्या उन्हात, चांगल्या प्रतीचं पीव्हीसी चालेल. पुसायला सोपं, वाळवीचा प्रश्न नाही. पण लांब पट्टी आतून ॲल्युमिनियमच्या पट्टीनं बळकट केलेली आहे का ते विचारा. नुसतं पीव्हीसी तापून मधोमध झोल खातं. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर, प्लास्टिकचं आवरण चढवलेली झडपं स्वस्त असतात आणि दुकानात फार देखणी दिसतात. ती घेऊ नका. एखाद्या कोपऱ्यात आवरण उचकटलं आणि पावसाळी दमट हवा आत शिरली की एमडीएफ फुगतं, आणि ते पुन्हा मूळ आकारात येत नाही.

माझं स्वतःचं मन सागवानाकडे जातं. सागाला वाळवी सहसा लागत नाही, हवामानाप्रमाणे ते कमी हलतं, वीस वर्षांनी रंधा मारून पुन्हा नवं करता येतं. मात्र लाकूड मुरलेलं हवं. कुठलंही लाकूड पावसाळ्यात थोडं फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. आषाढात घट्ट बसवलेलं झडप वैशाखात सैल होईल, आणि वैशाखात अगदी चपखल बसवलेलं आषाढात अडकेल. दोन झडपांमध्ये आणि चौकटीशी जेमतेम तीन मिलिमीटरची फट ठेवायला सांगा. गावातल्या सुताराकडून करून घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. स्थिर पट्ट्यांची झिलमिल आपले सुतार उत्तम करतात. फिरत्या पट्ट्या मात्र हे काम नेहमी करणाऱ्याकडूनच घ्या. पट्टी हवी त्या कोनात थांबायला हवी, त्यासाठी उभ्या पट्टीत ताण कमी-जास्त करणारा स्क्रू असतो. तो नसेल तर वर्षा-दोन वर्षांत पट्ट्या आपोआप खाली पडायला लागतात.

जुन्या वाड्याची उतरवलेली झडपं घ्यावीत का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण फोटो पाहून मन तिकडे जातं म्हणून सांगते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशी झडपं कधीकधी मिळतात, लाकूड अप्रतिम असतं. पण त्यावरच्या जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली ती 2017च्या नोव्हेंबरपासून. दीड वर्षाचं मूल घरात असताना तो रंग घरात कोरडा घासू नका, पोपडे निघालेलं झडप तिच्या हाताशी येऊ देऊ नका.

मुलीसाठी झडपांची एक गोष्ट फार चांगली आहे. त्यांना दोरी नसते. ब्लाइंड्सच्या लोंबत्या दोऱ्यांचा फास लहान मुलांच्या गळ्याला बसण्याचा धोका खरा आहे. हॉलमध्ये झडप घ्या किंवा पडदा, दोरीचे ब्लाइंड्स घेऊ नका, आणि कुणाकडे असतील तिथे मुलीला एकटं सोडू नका. झडपाला ती लोंबकळणारच. म्हणून चौकट भिंतीत प्लग घालून स्क्रूनं पक्की करायला सांगा, नुसत्या सिलिकॉनवर चिकटवलेली नको. झडपं मिटली की नुसत्या चुंबकावर राहतात, वर एक छोटी कडी लावा. पाच फुटांत चार अरुंद झडपं करा. दोन रुंद केलीत तर वजनानं बिजागरीकडून लोंबतील आणि उघडताना सासूबाईंच्या खुर्चीला आदळतील. खुर्ची आहे त्या जागी ठेवूनच झडप उघडून बघा.

मापाची चिंता करू नका, पण मोजायला येणाऱ्याकडे लक्ष ठेवा. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन जागी घेतली पाहिजे, उंचीही तीन जागी. दोन्ही कर्ण घेतले पाहिजेत. कर्ण सारखे आले नाहीत तर खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. आपल्याकडे तशा खिडक्या पुष्कळ असतात, तो दोष नाही. त्यावेळी झडपाला स्वतःची चौकट लागते आणि ती चौकट वाकडेपणा झाकते. एकाच जागी टेप लावून "झालं" म्हणणाऱ्याला काम देऊ नका. दर चौरस फुटानं सांगतात, तो चौकट, बिजागऱ्या, बसवणं आणि कर धरून आहे का, हे लेखी घ्या. पट्टी तुटली तर एकटी बदलून मिळेल का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

पुसायला फार काही लागत नाही. जुना सुती पायमोजा किंचित ओला करून हातात घालायचा आणि बोटांमध्ये एकेक पट्टी धरून ओढायची. चार झडपांना दहा मिनिटं. रस्त्याकडची खिडकी आहे, आठवड्यातून एकदा हे करावं लागेल. सासूबाईंना बसल्या जागी काम हवं असेल तर खालच्या पट्ट्या त्यांच्या हाताशी येतात, विचारून बघा.

आणि ती भिंतीवरची पेन्सिलीची खूण पुसू नका. कारागीर मोजायला आला की टेप काढण्याआधी त्याला ती दाखवा, आणि तेव्हा सासूबाई खुर्चीत बसलेल्या असू द्या.